पुण्याच्या मिरचीला मिनेसोटाचं वेळापत्रक कशाला?

मिरचीचं बी घरातच पेरावं, ट्रेखाली हीट मॅट असावी, वर ग्रो लाइट असावा आणि रोपं आठ-दहा आठवड्यांची होईपर्यंत त्यांना बाहेरचं वारं लागू देऊ नये, हा सल्ला पुण्या-मुंबईच्या गच्चीबागांमध्ये आता नियमासारखा फिरतो आहे. व्हिडिओ पाहून बागकाम शिकणाऱ्यांना तर तो पहिलाच धडा म्हणून मिळतो. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तो निरुपयोगी आहे आणि उन्हाळ्यात तर तो थेट बियांच्या मुळावर उठणारा आहे.

ही पद्धत जिथे जन्मली तिथे ती अगदी रास्त आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि ऑक्टोबर लागला की पुन्हा हिम पडायची चिन्हं दिसू लागतात. मधल्या जेमतेम पाच महिन्यांत मिरचीने उगवायचं, वाढायचं, फुलायचं आणि फळ पिकवायचं. मिरची हे मूळ मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या उबदार भागातलं झाड. थंड जमिनीत तिचं बी फुटत नाही, कुजतं. म्हणून तिथले बागकार मार्चमध्ये घरात बी टाकतात, आठेक आठवडे दिव्याखाली रोपं सांभाळतात आणि मेअखेरीस जमीन तापली की ती बाहेर लावतात. इंग्लंडमध्येही तेच. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहून लहान असतो, फेब्रुवारीतही तो दहा तासांच्या आसपासच असतो, म्हणून तिथे दिवा लागतो. हीट मॅट, दिवा आणि आठ आठवड्यांची आगाऊ तयारी, ही तिन्ही उत्तरं हिमाच्या प्रश्नाची आहेत.

पुण्यात तो प्रश्नच नाही.

पुण्यातला वर्षाचा सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, पण त्याच दिवशी दुपारी तो २९-३० वर असतो. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर थंडीतही दुपार तिशीला टेकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी अधूनमधून येते, निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या लाटेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे खरं. पण या बातम्या होतात त्या अपवाद असतात म्हणूनच. त्या चार रात्रींसाठी अख्ख्या महाराष्ट्राने मिरचीचा ट्रे दिवाणखान्यात नेऊन ठेवावा, याला काही आधार नाही.

आधार कशाचा घ्यायचा ते पाहू. १९५४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरिंग्टन आणि मिंजेस यांनी भाज्यांच्या बियांना कोणत्या तापमानाला उगवायला किती दिवस लागतात याचा तक्ता प्रसिद्ध केला. जगभरच्या बागकामाच्या पुस्तकांत तो आजही वापरला जातो, आणि गंमत म्हणजे हीट मॅटची शिफारस करणारेही त्याचाच दाखला देतात. त्यात मिरचीवर्गाचे आकडे असे: माती १५ अंशांवर असेल तर उगवायला २५ दिवस, २० अंशांवर बारा-तेरा, २५ आणि ३० अंशांवर सुमारे आठ, ३५ अंशांवर नऊच्या आत. १० अंशांवर उगवण नाही. आणि ४० अंशांवरही नाही.

हा शेवटचा आकडा आपल्यासाठी कळीचा आहे. हीट मॅट मातीचं तापमान खोलीपेक्षा पाच ते दहा अंशांनी वाढवते. मिनेसोटातल्या १८ अंशांच्या खोलीत ती माती २५-२८ वर नेते, म्हणजे बियांना हवं तिथेच. मुंबईत एप्रिलमध्ये खोलीच ३१-३२ अंशांवर असते. तिथे तीच मॅट ट्रे चाळिशीला नेऊन भिडवते आणि बी ओल्या कोकोपीटमध्ये शिजून जातं. मग दोष बियांना दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, दुसरं पाकीट येतं आणि ते पुन्हा त्याच मॅटवर पेरलं जातं. जानेवारीतल्या पुण्यात मॅटने नुकसान होत नाही हे मान्य, पण फायदा किती? बंद घरात रात्रीही वीसच्या आसपास तापमान राहतं. म्हणजे उगवण बारा दिवसांऐवजी आठ दिवसांत होईल. चार दिवसांच्या घाईसाठी एक विजेचं उपकरण विकत घ्यावं असं हौशी माणसाला वाटलं तर तो त्याचा प्रश्न. पण त्याशिवाय मिरची होतच नाही असं नवख्याला सांगणं ही फसगत आहे.

उष्णतेपेक्षा मोठा घोटाळा उजेडाचा आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर दहा हजारांच्या वर मिळतो. फ्लॅटच्या खिडकीत, थेट ऊन नसेल तर, तो हजार-दोन हजारांवर येतो आणि चार-पाच फूट आत सरकलं की काही शे उरतो. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. रोपाला जुळवून घेता येत नाही. ते उजेडाच्या शोधात लांबत जातं.

खिडकीतलं मिरचीचं रोप दहाव्या दिवशी जवळून पाहिलं तर सगळी कथा त्यात वाचता येते. मातीपासून पहिल्या दोन बीजपत्रांपर्यंतचा देठ बोटभर उंच, फिकट, जवळजवळ पारदर्शक असतो आणि काचेच्या दिशेने वाकलेला असतो. झारीचं पाणी पडलं की ते आडवं होतं. त्याच पाकिटातलं, त्याच दिवशी पेरलेलं, पण गॅलरीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात वाढलेलं रोप याच्या निम्म्या उंचीचं असतं. त्याचा देठ आखूड आणि टणक असतो, त्याच्यावर पुष्कळदा जांभळट झाक असते आणि बीजपत्रं गडद हिरवी, सपाट पसरलेली असतात. नवखा माणूस उंच रोप पाहून खूष होतो. पुनर्लागवड केली की आठवडाभरात कोणतं टिकलं ते दिसतं.

यावर उत्तर तयार असतं: म्हणून तर ग्रो लाइट लावा. चांगल्या प्रतीचा दिवा रोपापासून योग्य अंतरावर रोज चौदा-सोळा तास लावला तर रोपं उत्तम होतात, यात वाद नाही. पण बाजारात नवखे लोक घेतात तो चिमट्याचा जांभळा दिवा दीड-दोन फुटांवरून लावला जातो आणि त्याचा रोपांना पोचणारा प्रकाश गॅलरीतल्या सावलीपेक्षाही कमी भरतो. आणि धरून चालू की दिवा चांगला आहे, पुढे काय? सहा आठवडे दिव्याखाली, वाऱ्याविना वाढलेलं कोवळं रोप मार्च-एप्रिलच्या पुण्यात गच्चीवर आणलं की दोन दिवसांत पानं पांढरी पडून करपतात. थंड देशांतले बागकार त्यासाठी आठ-दहा दिवस रोपं रोज थोडी थोडी बाहेर काढून काटक करतात, आणि तेही १५-२० अंशांच्या सौम्य वसंतात. आपल्याकडे हा उंबरठा ३७-३८ अंशांच्या उन्हात ओलांडायचा असतो. जे रोप पहिल्या पानापासून बाहेरच वाढलं त्याला हा उंबरठा लागतच नाही.

ज्यांच्या घराला उन्हाची एकही जागा नाही त्यांची अडचण खरी आहे. त्यांना दिवा सुचवणाऱ्यांनी मात्र पुढचं वाक्यही सांगायला हवं. मिरचीला फळं धरायला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागतं. रोप दिव्याखाली वाढवलं तरी कुंडी ठेवायची कुठे? ऊन नसलेल्या घरात पुदिना, अळू, विड्याचा वेल चांगला येतो. मिरची येत नाही, हे आधीच सांगणं प्रामाणिकपणाचं.

घरात पेरण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद किडींचा आहे, आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. मिरचीच्या कोवळ्या रोपावर फुलकिडे येतात, कोळी येतात, पांढरी माशी येते. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूला होडीसारखं वळतं, कोळ्यांनी ते खाली वळतं आणि लांबट होतं, पांढरी माशी तर पर्णगुच्छाचा विषाणूच सोडून जाते. शेतकरी या सगळ्याला मिळून चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. रोपावस्थेत हा रोग शिरला की झाड पुढे कधीच सुधारत नाही. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी मिरचीची उभी शेतं बसवली, ती आठवण ताजी आहे. तेव्हा रोपांना पहिले तीस-चाळीस दिवस किडींपासून वाचवायचं, हे सूत्र शंभर टक्के बरोबर.

पण त्यासाठी घर लागत नाही, जाळी लागते. ४० ते ५० मेशची पांढरी नायलॉन जाळी, वाकवलेल्या तारांच्या कमानींवर ताणून, कडा मातीत किंवा विटांखाली दाबून. पांढरी माशी आत येत नाही, ऊन आणि वारा येतो. गच्चीवर दोन ट्रेसाठी मच्छरदाणीचा तुकडासुद्धा काही अंशी कामी येतो, फक्त त्याची भोकं मोठी असल्याने फुलकिडे थांबत नाहीत. उलट घर हे किडींपासून सुरक्षित असतं हा समजच कच्चा आहे. कोळी आणि मावा एकदा का खिडकीतल्या रोपावर पोचले की तिथे त्यांना खाणारा ढालकिडा नसतो, धुऊन काढणारा पाऊस नसतो आणि कोरड्या, बंद हवेत कोळ्यांची वीण झपाट्याने वाढते.

रोपं कोलमडण्याच्या रोगाचंही तसंच. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरश्या मातीलगत देठावर हल्ला करतात. संध्याकाळी धडधाकट दिसलेलं रोप सकाळी आडवं असतं, पानं अजून हिरवीच, पण मातीच्या रेषेवर देठ पाणचट होऊन दोऱ्याएवढा बारीक झालेला. याला लागतं काय? जास्त ओल, दाटी आणि थांबलेली हवा. कोंदट खोलीत प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवलेला, रोज पाणी मिळणारा ट्रे म्हणजे या तिन्हींचा संगम. पूर्वापार शेतकरी जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करतो, बी विरळ ओळीत टाकतो आणि सकाळीच पाणी देतो, ते याच रोगाला शह देण्यासाठी. पेरणीआधी बियांना ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळण्याची शिफारस कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं करत आली आहेत. पाच-पन्नास बियांना चिमूटभर पुरते आणि ती कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते.

महाराष्ट्राकडे मिरचीच्या रोपांचं ज्ञान कमी नाही, आणि या वादात सगळ्यात जास्त खटकतं ते त्याकडे झालेलं दुर्लक्ष. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले ज्योती आणि अग्निरेखा दिली, दापोलीने कोकण कीर्ती, परभणीने परभणी तेजस. नंदुरबारचा शेतकरी, भिवापूरचा शेतकरी मिरचीवर संसार चालवतो. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या खोला गावची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे पीक या किनाऱ्यावर आणलं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या त्याची रोपं उघड्यावरच तयार झाली आहेत. राज्य सरकारने २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना काढली. भाज्यांची निरोगी रोपं तयार करण्यासाठी या योजनेत अनुदान मिळतं ते शेडनेटगृहाला आणि प्लास्टिक टनेलला. नारायणगाव, सांगली भागातल्या व्यावसायिक रोपवाटिका कोकोपीट भरलेल्या ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये लाखांनी रोपं तयार करतात, तीही जाळीखाली, उन्हात. ज्यांचं पोट रोपांवर आहे त्यांनी दिवाणखाना निवडलेला नाही. हौशी बागकाराने मार्गदर्शन घ्यायचंच तर ते इथून घ्यावं.

जहाल मिरच्यांचे शौकीन इथे एक हरकत घेतात. हबनेरो, कॅरोलिना रीपर, भूत जोलोकिया या मिरच्यांचं बी उगवायलाच कधीकधी तीन-चार आठवडे घेतं आणि फळं पिकायला कितीतरी महिने. मग लवकर, घरात सुरुवात नको का? थंड देशात हवी, कारण तिथे झाड ऑक्टोबरात मरतं. आपल्याकडे मिरचीचं झाड नीट छाटलं, खत-पाणी दिलं तर दोन-तीन वर्षंही जगतं. हंगाम संपतच नाही, तेव्हा तो गाठायची धावपळ कशासाठी? भूत जोलोकिया आणि नागा मिरची आसाम-नागालँडच्या शेतांत, परसांत उघड्यावरच होतात. नागा मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काही कुणाच्या खोलीतल्या दिव्यामुळे नव्हे.

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की घराचा उपयोग एका टप्प्यापुरता आहे. मिरचीच्या बियांना उगवायला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. म्हणून नाशिक-पुण्याच्या थंडीत, किंवा धो धो पावसात, पेरलेला ट्रे पहिले आठ-दहा दिवस स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवला तर काही बिघडत नाही. फ्रिजच्या पाठीमागून येणारी ऊब फुकटची असते. पण पहिल्या बियांनी माती उचललेली दिसली की त्याच दिवशी ट्रे बाहेर गेला पाहिजे. दोन-तीन दिवसांचा उशीरही देठ लांबवायला पुरतो. पाऊस असेल तर छपराखाली, पण पागोळ्यांखाली नको. एका जोरदार पागोळीने अख्खा ट्रे उघडा पडतो. एप्रिल-मे असेल तर दुपारच्या सावलीत, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली.

बाकी कृती साधी आहे आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. या किंवा गेल्या वर्षीचं बी घ्यावं. मिरचीच्या बियांची उगवणशक्ती दोन-तीन वर्षांनी झपाट्याने घसरते. स्वयंपाकघरातल्या सुक्या मिरचीचं बी उगवतं, पण ती संकरित वाणाची असेल तर पुढचं झाड आईसारखं निघेल याची खात्री नसते. कोकोपीट वापरायचं तर ते दोन-तीनदा धुऊन क्षार काढावेत आणि त्यात तिसरा हिस्सा चाळलेलं गांडूळखत मिसळावं. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावं, जास्त नको. रोपाला चार-सहा खरी पानं आली आणि ते वीतभर झालं, साधारण पाच ते सहा आठवड्यांनी, की संध्याकाळी मोठ्या कुंडीत लावावं. खरिपासाठी मे, उन्हाळी पिकासाठी जानेवारी, हे शेतकऱ्याचं वेळापत्रक गच्चीवरही चालतं.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी मात्र सगळं उलट आहे, आणि तिथे चूकही उलटी होते. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणारी मुलगी फोनवर आईला विचारते, आई सांगते की ओल्या मातीत टाकून दे, आपोआप येतं. सांगलीत येतंच. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या अंगणात एप्रिलमध्ये टाकलेलं बी थंड चिखलात कुजून जातं. तिथे मार्चच्या मध्यात घरातच पेरावं, दिवा रोपांपासून काही इंचांवरच ठेवावा आणि मेच्या मध्यानंतर, रात्री उबदार झाल्यावर रोपं बाहेर न्यावीत. बी मात्र तिथलंच घ्यावं. लागवडीचं बी परवान्याशिवाय सामानात नेणं बहुतेक देशांत नियमबाह्य आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मराठीत बागकामाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी प्रत्येक वेळी गाव, महिना आणि त्या दिवशीचं तापमान सांगावं, आणि परदेशी चित्रफितीवरून उचललेली कृती निदान एक हंगाम स्वतःच्या गच्चीवर करून पाहिल्याशिवाय पुढे देऊ नये. आयात केलेलं बी इथे विकणाऱ्यांनी पाकिटावरची 'शेवटच्या हिमाच्या आठ आठवडे आधी घरात पेरा' ही सूचना काढून तिथे इथले महिने छापावेत. आणि ज्यांच्या खिडकीत आत्ता लांबट, पिवळी पडलेली रोपं उभी आहेत त्यांनी ती टाकून देऊ नयेत. बीजपत्रांपर्यंत देठ मातीत जाईल अशी खोल लावून, पहिले चार-पाच दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन द्यावं आणि मग ती कायमची बाहेर ठेवावीत. त्यातली बरीचशी सावरतात.